कितवा चालूय माय?

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. माहेरी आईला बघून अंबाजोगाईहून लातूरला परत येत होते. रविवारची संध्याकाळ, त्यात अर्ध्या तिकिटामुळं बायांची गर्दी, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. एका हातानं दांडी धरलेली, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत आईनं बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ आणि हरभऱ्याचा ओला टहाळ. तेवढ्यात खिडकीजवळचा एक कॉलेजातला पोरगा झटकन उठला आणि म्हणाला, "बसा ताई, अशा टायमाला उभं राहू नये." त्याच्या तोंडावर खरंखुरं काळजीचं भाव होतं. मी बसले. शेजारी नऊवारीतली एक म्हातारी होती, कपाळावर गोंदलेलं, तिनं माझ्या पोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं, आणि हसून विचारलं, "कितवा चालूय माय?"

मी म्हणाले, "सहावा."

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या पोरानं दिलेली जागा परत करायची लाज वाटली असंल, किंवा भरल्या गाडीत "नाही हो, पोटच तसं आहे" म्हणायला जीभ उचलली नसंल. म्हातारीनं पदराची गाठ सोडली, त्यातून चिंचेचं एक बुटुक काढून माझ्या हातावर ठेवलं, "खा, तोंडाला बरं वाटंल." मी ते खाल्लं. रेणापूरला ती उतरली, जाताना माझ्या पोटावरून हात फिरवून तो स्वतःच्या कानशिलावर मोडला. माझी जुळी पोरं तेव्हा नऊ वर्षांची झालेली होती, मोठी पोरगी तेरा वर्षांची. लातूरच्या स्टँडवर उतरले तरी दातात चिंचेचा धागा अडकलेला होता आणि मी तो रात्री झोपेपर्यंत जिभेनं काढत होते.

हे पोट जुळ्यांच्या वेळचं. पोरगी झाली तेव्हा सगळं चार-सहा महिन्यांत जागेवर आलेलं. जुळी झाली जानेवारी २०१६ मधे, सिझेरियननं, त्यातच टाक्याचं, म्हणजे कुटुंबनियोजनाचं, ऑपरेशनही उरकून घेतलं. आणि त्या उन्हाळ्यात लातूरला काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा देशभरच्या टीव्हीवर आपली गल्ली दिसायली होती. गल्लीत टँकर आला की घरात मी आणि सासूबाई, त्यांचे गुडघे गेलेले, हे ड्युटीवर. मग तीन महिन्यांची बाळंतीण मी घागरी उचलायचे, टाक्याच्या जागी हात दाबून. डॉक्टर पुढं म्हणाले की जुळ्यांनीच पोट एवढं ताणलं होतं, घागरीला सगळा दोष देऊ नका. पण माझं शरीर ते तसंच लक्षात ठेवून बसलंय. पोट म्हटलं की मला त्या घागरीचा थंड काठ आठवतो, बरोबर टाक्यावर टेकलेला.

वरून बघणाऱ्याला वाटतं बाई खाऊन सुटलीय. माझं वजन ७४ वरून ६८ वर आणलं मी, पहाटे चालून, रात्रीची भाकरी अर्धी करून. हात बारीक झाले, गाल बसले, पोट तिथंच. म्हणजे त्यातली चरबी गेली आणि कातडीची रिकामी घडी राहिली, खाली बसलं की मांडीवर येऊन टेकणारी. मे महिन्यात त्या घडीखाली घाम साठतो, चट्टे उठतात, पावडर लावली की तिचा चिखल होतो, शाळेत खडू धरून फळ्यापुढं उभी असते आणि सगळं ध्यान तिथल्या आगीकडं. साडीच्या निऱ्या तिथं टिकत नाहीत. पाठ दुखते ती वेगळीच. हे कोणाला सांगायचं? बाई म्हणून आपण अंगावरचं पांढरं जाण्यापासून सगळं एकमेकींना सांगतो, पण हे नाही सांगत, कारण यावर उत्तर ठरलेलं असतं: तीन लेकरांच्या आईचं पोट असंच असतं.

त्या चिंचेनंतर मी मोबाईलवर शोधायला लागले. टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट आवळायचं ऑपरेशन. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा एखाद्या खेळण्याचं नाव वाटलं. त्याचं डॉक्टरी नाव अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, आणि हे काही आजकालचं फॅड नाही, अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समधल्या हॉवर्ड केली नावाच्या डॉक्टरांनी १८९९ सालीच एका बाईच्या पोटावरची लोंबती कातडी-चरबी काढली होती, आणि ते होते स्त्रीरोगतज्ज्ञ. मला हे वाचून का कोण जाणे आधार वाटला. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही कुणीतरी बाई असं पोट घेऊन डॉक्टरपुढं बसली होती.

पहिल्यांदा गेले ते एका चकचकीत क्लिनिकमधे. गाव सांगत नाही. एसी, बारीक आवाजात गाणी, भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. समोर बसलेली पोरगी गोड बोलत होती, दहाव्या मिनिटाला तिनं हप्त्याचं गणित मांडलं, या महिन्यात केलं तर सूट आहे म्हणाली, तीन दिवसांत शाळेत जाल म्हणाली. डॉक्टर आत येऊन दोन मिनिटं उभे राहिले. माझ्या पोटाला कुणी हातसुद्धा लावला नाही. मी विचारलं की धोका काय असतो, तर उत्तर आलं, "काही नाही मॅडम, रूटीन आहे." मला एकदम चुलती आठवली.

माझी चुलती केज तालुक्यातली, ऊसतोडीला जायची. तिशी ओलांडली न ओलांडली तर गर्भाची पिशवी काढली. का काढली? पोटात दुखतंय म्हणून दाखवायला गेली होती. गाठ आहे, कॅन्सर होईल म्हणाले, झालं. तिलाही कुणीतरी असंच म्हणालं असणार, काही नाही, नेहमीचं आहे. २०१९ मधे सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली तर १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पेपरात तो आकडा वाचला तेव्हा मला त्यात एकच बाई दिसत होती, चाळिशीतच म्हातारी झालेली, उसाच्या पाचटावर बसून गुडघे चोळणारी. माझ्या सासूबाईंचं टाक्याचं ऑपरेशन शिबिरात झालेलं, शाळेच्या वर्गात, खाली सतरंजीवर ओळीनं झोपवलेल्या बाया, अंगठा कशावर उठवला ते आजही त्यांना ठाऊक नाही. आमच्याकडं बाईच्या पोटाला सुरी काही नवीन नाही. पण सुरी लावायच्या आधी पोटाच्या मालकिणीला खाली बसवून समजावून सांगितलंय, असं मी आमच्या घरात तरी ऐकलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं, करायचं असंल तर समजून करायचं. नाहीतर नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत संभाजीनगरला बहिणीकडं गेले आणि तिथल्या एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं. जायच्या आधी त्यांची डिग्री बघितली. एमबीबीएसच्या पुढं प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच किंवा डीएनबी (आता त्याला डीआरएनबी म्हणतात) असावं लागतं, आणि डॉक्टरचं नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या रजिस्टरमधे आपल्याला स्वतः शोधता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं. नुसतं 'कॉस्मेटिक' लिहिलेल्या पाटीवर जाऊ नका, एवढं तरी हे वाचणाऱ्या बायांना मी हात जोडून सांगते.

डॉक्टरांनी मला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघे मुडपायला लावले आणि म्हणाले, "आता फक्त मान उचला, पाय बघा आपले." मी मान उचलली तसा पोटाच्या मधोमध एक उंचवटा वर आला, उभा, माशाच्या पाठीसारखा. त्यांनी बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली आणि ती आत गेली. साडेतीन बोटं. मग माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही बघा." मी बघितलं. दोन्ही बाजूला स्नायूंचे कडक काठ आणि मधे काहीच नाही, मऊ पोकळ. मे महिन्यात काळ्या रानाला भेग पडते, पोरं तिच्यात काडी घालून किती खोल आहे बघतात, तसं मी माझ्याच पोटात बोट घालून बघत होते. पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पांढऱ्या पट्टीनं जोडलेले असतात, गरोदरपणात ती पट्टी ताणते, कुणाची परत आवळते, कुणाची नाही. त्याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नऊ वर्षं मी बेसनाचे लाडू सोडत होते आणि खरं कारण हे होतं. मला तिथंच रडू आलं. दुःखानं नाही, कशानं ते सांगता येत नाही.

त्यांनी घाई केली नाही. आधी तीन महिने फिजिओथेरपीचे व्यायाम दिले, म्हणाले पाठ यानंच बरी होईल कदाचित, मग ऑपरेशनचं बघू. (पाठ निम्मी बरी झाली, हे सांगितलं पाहिजे. फट आणि कातडी तशीच राहिली.) मग कोऱ्या कागदावर निळ्या पेनानं पोट काढलं आणि समजावलं. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत खालून आडवा छेद, सिझेरियनचा असतो त्याच्या कितीतरी लांब. तिथून कातडी आणि चरबी वर बरगड्यांपर्यंत सुटी करायची. स्नायू मधोमध ओढून शिवायचे. मग कातडी खाली ताणायची, जास्तीची कापून टाकायची. बेंबी मात्र आपल्या देठावर जागच्या जागी राहते, ताणलेल्या कातडीला नवीन भोक पाडून तिला बाहेर काढतात. हे ऐकताना माझा हात आपोआप बेंबीवर गेला. माझी नाळ माहेरच्या परसात पुरलीय, आई अजून ती जागा दाखवते. तिथून सुरू झालेल्या गोष्टीला आता नवं भोक पाडायचं.

मग धोके. ते एकेक सांगत गेले आणि मी वहीत लिहीत गेले, शाळेतल्या पोरीसारखी. कातडी आणि स्नायूच्या मधल्या पोकळीत पिवळसर पाणी साठतं, त्याला सेरोमा म्हणतात, हे सगळ्यात जास्त वेळा होणारं. त्यासाठी दोन्ही बाजूंनी नळ्या ठेवतात, ड्रेन, त्यातलं पाणी रोज मोजून लिहायचं, दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. नंतर परत साठलं तर सुईनं ओढावं लागतं. रक्त साठू शकतं. पू होऊ शकतो, शुगर असंल तर जास्त. टाके उसवू शकतात. बेंबीखालची जागा महिनोन्‌महिने बधिर राहते, काही जणींची थोडी कायमचीच. व्रण कायमचा, वर्ष-दीड वर्षात फिका होतो पण जात नाही, आणि ज्यांच्या अंगाला जाड गाठीसारखे व्रण उठतात त्यांचा तसाही उठू शकतो. कडेला कातडीचे कोपरे राहू शकतात. भूल द्यायची तिचा स्वतःचा धोका. आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगताना त्यांनी पेन खाली ठेवलं. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. कमी वेळा होतं, पण सौंदर्याच्या बाकी बऱ्याच ऑपरेशनांपेक्षा या ऑपरेशनात जास्त होतं, कारण पोट आवळलेलं असतं आणि दुखतंय म्हणून बाई हलत नाही.

"तुम्ही पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेता का?" त्यांनी विचारलं. मी चमकले. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या वेळी घेते की, घरातली मोठी सून मीच, सोवळ्यात पुरण घालायला दुसरं कोण आहे. ते म्हणाले, हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, ऑपरेशनच्या आसपास अजिबात नको, आणि पुढंही विचारल्याशिवाय नको. एवढी वर्षं मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणत होते. आमच्या गल्लीतल्या किती जणी आणतात.

लातूरला परत जायचं म्हटलं तर सहा तासांचा प्रवास, तोही गुडघे मुडपून बसून. ते म्हणाले नळ्या निघेपर्यंत संभाजीनगर सोडायचं नाही. बसून केलेला लांबचा प्रवासही गुठळीला आमंत्रणच आहे. दुसऱ्या दिवशीच उठून चालायचं, वाकून का होईना, पावलं वरखाली करत राहायची, घट्ट मोजे, गरज वाटली तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायली, किंवा अचानक दम लागला तर फोनवर विचारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. ही ओळ मी वहीत दोनदा लिहिली आणि घरी आल्यावर यांना मोठ्यानं वाचायला लावली.

आता जे सांगणार आहे ते लिहू का नको, यात दोन आठवडे गेले.

त्या दिवशी सगळ्यात आधी एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात विचारलं होतं: धूम्रपान, तंबाखू, गुटखा? मी 'नाही'वर खूण केली. हात जरासुद्धा अडला नाही. मी शिक्षिका आहे, तंबाखूमुक्त शाळेची शपथ पोरांना मीच देते. आणि मी रोज सकाळी मिसरी लावते.

पोरीच्या बाळंतपणानंतर पोट साफ होईना म्हणून आईनं लावली. आमच्याकडं कितीतरी घरांत अशीच लागते. आई अजून तव्यावर तंबाखू भाजते, काळीकुट्ट होईपर्यंत, अंगणात धूर, सगळे ठसकतात, मग ती हातानंच चुरून पत्र्याच्या डबीत भरते. पहाटे ती डबी उघडली की येणारा करपट गोडसर वास, बोट हिरड्यावर फिरलं की दोन मिनिटांत डोक्यात होणारा तो हलका भोवंडा, सगळं घर झोपलेलं, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर मी एकटी. दिवसभरात माझा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ. त्याला मी कधी तंबाखू म्हटलंच नाही. मिसरी म्हणजे मिसरी.

आणि कातडीबद्दल सांगताना डॉक्टर म्हणाले, कातडी वर उचलली की मधल्या स्नायूतून तिला येणाऱ्या रक्ताच्या बारीक वाटा कापल्या जातात, मग ती फक्त कडेच्या रक्तावर जगते. सगळ्यात लांबचा काठ कुठला, तर खाली मधोमधचा, जिथं ताणही सगळ्यात जास्त. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. मग त्या काठाला रक्त पोचत नाही आणि तो काळा पडतो, मरतो, सडलेला भाग काढावा लागतो, जखम भरायला महिने. "म्हणून सिगारेटवाल्यांचं ऑपरेशन मी करतच नाही, किमान सहा आठवडे पूर्ण बंद पाहिजे." ते हे सांगत होते आणि माझी जीभ वरच्या हिरड्यावरून फिरत होती, जिथं सकाळची चव अजून होती. मी मान डोलवली. काही बोलले नाही.

त्या रात्री बहिणीच्या घरी गच्चीवर झोपलो होतो, झोप लागंना. गाडीत 'सहावा' म्हणाले, त्याचं नुकसान कुणाचं झालं? एका पोराची जागा आणि म्हातारीची चिंच. पण हे 'नाही' माझ्याच कातडीवर काळं होऊन उठणार होतं. सकाळी दहा वाजता दवाखान्यात फोन केला, तिथल्या सिस्टरला म्हणाले डॉक्टरांशीच बोलायचंय. माझा आवाज थरथरत होता. "सर, मी मिसरी लावते. रोज. तेरा वर्षं झाली." पलीकडं क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. खरं सांगू का, इकडं बायांना मी आता थेट मिसरी लावता का असंच विचारतो, काल तुम्ही टीचर म्हणून विचारायचं राहिलं. चूक माझी पण आहे." रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी फोन ठेवला आणि बहिणीच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं, चार वेळा.

सोडणं सोपं नव्हतं. निकोटिनच्या च्युइंगमलाही नको म्हणाले, त्यातही निकोटिनच की. पहिला आठवडा डोकं ठणकायचं, पोरांवर वस्सकन ओरडायचे, पोट साफ होईना, मग गरम पाणी आणि इसबगोल. पोट साफ राहणं यात किती महत्त्वाचं आहे तेही तेव्हाच कळलं, कारण आतून शिवलेल्या स्नायूंना कुंथण्याचा ताण चालत नाही, आणि दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच. अकराव्या दिवशी सासूबाईंशी वाजलं, त्या म्हणाल्या, "चांगल्या पोटाला सुरी लावायलीस, लेकरांकडं बघ जरा." मी मागच्या दारी जाऊन डबी उघडली. लावली. मग रडले, आणि दिनदर्शिकेवर पहिल्यापासून दिवस मोजायला सुरुवात केली. आज सत्तरावा दिवस आहे.

सासूबाईंचं बोलणं मनातून जात नाही, कारण ते खोटं नाही. तीन लेकरं आहेत. हे ऑपरेशन केलं नाही म्हणून मी मरणार नाही, आणि केलं तर मरण्याची एक बारीक का होईना फट आहे. हर्निया असता तर विम्यात बसलं असतं, घरात सांगायलाही सोपं झालं असतं, आजार म्हणून. मला हर्निया नाही. विमा नाही, पैसे माझ्या पगारातून साठवलेले. हे म्हणतात, "मला तर काही वाटत नाही, तू आहे तशी बरी आहेस." त्यांच्या बोलण्यात प्रेमच आहे, मला ठाऊक आहे. पण माझं अंग त्यांना कसं वाटतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. एका रात्री मी एलआयसीच्या पॉलिसी, बँकेची पासबुकं, एटीएमचा नंबर, मोठीच्या पाळीबद्दल तिला काय सांगायचं, असं सगळं एका वहीत लिहून कपाटात ठेवलं. लिहून झाल्यावर वाटलं, एवढी भीती वाटत असंल तर कशाला? आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीला ती घडी उचलून खालचे चट्टे पुसताना वाटलं, नाही, करायचंय. दोन्ही खरं आहे. एका दिवसात दोनदा बदलतं.

तयारी मात्र चालूच आहे. हिमोग्लोबिन ९.४ निघालं होतं, ११ च्या पुढं गेल्याशिवाय टेबलावर घेणार नाही म्हणाले, लोहाच्या गोळ्या, लिंबू पिळून पालक, आणि गोळीवर लगेच चहा नाही. ११.६ झालंय. वजन सहा महिने ६८ वर स्थिर ठेवलंय. हातापायाच्या दुखण्यासाठी घ्यायची ती गोळी, वैद्याचा काढा, सगळं आधी सांगून टाकलं, कारण कशानं रक्त पातळ होईल सांगता येत नाही. मे महिन्यात सुट्टी असूनही तारीख घेतली नाही, कारण सहा आठवडे पोटाला घट्ट पट्टा बांधायचा आणि आपल्याकडचा पारा बेचाळीसवर. दिवाळीच्या सुट्टीला धरून रजा टाकलीय. आमचा संडास देशी, उकिडवं बसणं जमणार नाही, म्हणून कमोडची खुर्ची आणली. गादीवर उशा रचून अर्धवट टेकून, गुडघ्याखाली लोड घेऊन झोपायची सवय करतेय, टाके ताणू नयेत म्हणून पहिले काही दिवस तसंच झोपायचं असतं. सहा आठवडे जड उचलायचं नाही म्हणजे नळाला पाणी आलं तरी बादली नाही. धाकटे दोघं म्हणाले, "आम्ही भरू ना." ज्यांच्यासाठी घागरी उचलल्या ते आता पाणी भरतो म्हणतात. मोठीनं ड्रेनचं पाणी मोजायचं काम मागून घेतलं, तिनं वहीत रकानेसुद्धा आखलेत, तारीख, डावी नळी, उजवी नळी. संमतीपत्र मी मराठीत मागून घेतलं, पेन्सिलनं खुणा केल्या, सही अजून केलेली नाही. सासूबाई परवा ते वाचून दाखव म्हणाल्या. मी वाचलं, सगळं, मरणाच्या ओळीसकट. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्हाला असं कुणी वाचून दाखवलं असतं तर." वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. उठून आत गेल्या आणि मागच्या दारच्या कोनाड्यातली मिसरीची डबी कुठंतरी ठेवून दिली, कुठं ते मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी परत अंबाजोगाईहून येत होते. तीच गर्दी. या वेळी कुणी उठलं नाही, मीच एका सीटच्या कडेला टेकून उभी. सीटवर साठीची एक बाई, मांडीवर गाठोडं. तिनं पोटाकडं बघितलं तसं मला पुढचं कळलं.

"कितवा हाय गं?"

"नाही मावशी. लेकरं नऊ वर्षांची झालेत. जुळ्यांमुळं पोट फाटलंय आतून, तसंच राहिलंय. दिवाळीनंतर ऑपरेशन आहे."

आजूबाजूच्या दोघी-तिघींनी वळून बघितलं. मावशीनं गाठोडं मांडीवरून पायात घेतलं, पदर जरा सावरला आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "माझं बी असंच हाय की माय, थोरल्याच्या पाठीपासून. आमाला वाटलं वात हाय." मग खिडकीकडं सरकून तिनं वीतभर जागा केली. "बस इथं. काय करतेत त्यात, समदं सांग."

मी टेकले आणि सांगायला लागले, अगदी मान उचलून बघायचं कसं तिथपासून. पुढच्या सीटवरची एक पोरगी लहान लेकराला घेऊन मागं वळून ऐकायली होती. बर्दापूर फाटा गेला, रेणापूर आलं, तरी माझं नळ्यांपर्यंतच आलं होतं.